टिळकवाडीत अतिशीत अणूंचे सहा रविवार

बेळगावच्या उद्यमबागेत माझी बिडाच्या कास्टिंगची छोटी फाउंड्री आहे आणि गेली २६ वर्षे माझा संबंध फक्त उष्णतेशी आला आहे. त्यामुळे ‘विश्वातील सर्वांत थंड पदार्थाची ओळख’ अशी जाहिरात असलेल्या अभ्यासवर्गासाठी मी १,५०० रुपये भरले, तेव्हा आयुष्यभर वितळलेल्या बिडाच्या रसापुढे उभा राहिलेला माणूस आता शून्याच्या खाली निघाला, अशी थट्टा घरात झाली. वर्ग संपून पंधरा दिवस झाले आहेत. पुढच्या तुकडीची नोंदणी सुरू झाली असून दोघातिघांनी फोन करून ‘जावे का?’ असे विचारले. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा सविस्तर लिहून ठेवतो आहे. आयोजकांचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत आणि चार माणसांनी पदरमोड करून चालवलेल्या उपक्रमाला त्या कायमच्या चिकटाव्यात असे मला वाटत नाही. ज्यांना यायचे आहे त्यांना टिळकवाडीत चौकशी केल्यावर पत्ता सापडेल.

वर्ग सहा रविवारी, सकाळी १० ते १२.३० या वेळेत, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भरला. आम्ही बावीस जण होतो. त्यांत पीयूसीची (अकरावी-बारावीची) मुले, दोन शिक्षिका, संकेश्वरकडच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि मी. शिकवणारे सर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. आपल्या भागात दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा अकरावीला एकदम इंग्रजीत जाऊन पडतो आणि ‘तापमान’ व ‘टेम्परेचर’ या दोन निराळ्या वस्तू आहेत की काय, अशा संभ्रमात वर्षभर राहतो. सरांनी यावर सरळ तोडगा काढला आहे. फोटॉन, लेसर, क्वांटम हे शब्द जसेच्या तसे ठेवायचे, आणि सापळा, चिमटा, जाळी यांसारखे ज्या शब्दांनी चित्र डोळ्यांपुढे उभे राहते ते मराठीतच वापरायचे. हे धोरण मला फार पटले.

पहिल्या रविवारविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही. तापमान म्हणजे कणांच्या धावपळीचे माप, निरपेक्ष शून्य म्हणजे ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही ते उणे २७३.१५ अंश सेल्सिअस, द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांवर उकळतो आणि ताऱ्यांमधल्या रित्या अवकाशाचे तापमानही या निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे २.७ केल्विन, म्हणजे तितकेच अंश, आहे, एवढे सांगण्यात अडीच तास गेले. शाळेत लक्ष दिलेल्या माणसाला ही उजळणी लांबलेली वाटेल.

दुसऱ्या रविवारी मात्र वर्गाने पकड घेतली. लेसरने वस्तू तापते, कापली जाते, हे आम्ही उद्यमबागेत रोज पाहतो. तोच लेसर अणूला थंड कसा करतो, हा प्रश्न मी पहिल्या दिवसापासून मनात धरून बसलो होतो. सरांनी लांब टेबलावर प्लास्टिकचा हलका चेंडू घरंगळत सोडला आणि समोरच्या टोकाला उभ्या केलेल्या दोन मुलांना त्यावर फुटाणे मारायला सांगितले. पहिल्या चार-सहा फुटाण्यांचा काही परिणाम दिसला नाही. मूठभर फुटाणे संपत आले तेव्हा चेंडू अडखळला, थांबला आणि उलटा फिरला. खाली सांडलेले फुटाणे गोळा करता करता सरांनी फळ्यावर हिशोब मांडला. साध्या खोलीतला रुबिडियम या धातूचा अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने धावतो. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक कण, समोरून येऊन त्याच्यात शोषला गेला की वेग सेकंदाला अवघा सहा मिलिमीटरने कमी होतो. म्हणजे एका अणूला थांबवायला सुमारे ५०,००० फुटाणे लागतात. पण अणू सेकंदाला कोटीच्या घरात फोटॉन शोषून पुन्हा बाहेर टाकू शकतो, त्यामुळे हे काम काही सहस्रांश सेकंदांतच उरकते. बाहेर टाकलेला फोटॉन कोणत्याही दिशेला जातो, शोषलेला मात्र नेहमी समोरूनच येतो. म्हणून मागे रेटणारे धक्के साठत जातात आणि बाकीचे एकमेकांना खाऊन टाकतात.

यापुढची युक्ती मला अधिक आवडली. लेसरचा रंग अणूला आवडणाऱ्या रंगापेक्षा किंचित तांबडा ठेवायचा. टिळकवाडीच्या फाटकापाशी उभे असताना आपल्याकडे येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा ऐकू येतो आणि गाडी पुढे गेली की उतरतो, तसेच प्रकाशाचेही होते. जो अणू लेसरच्या दिशेने धावतो त्याला तो प्रकाश नेमका हव्या त्या रंगाचा भासतो आणि तो फोटॉन शोषतो. जो पाठ फिरवून जातो त्याला तो नकोसा होतो. समोरासमोर अशा तीन जोड्या, म्हणजे सहा किरण लावले की अणू कोणत्याही दिशेला निघाला तरी त्याला समोरूनच मार बसतो. १९८५ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्हन चू यांच्या गटाने सोडियमच्या अणूंवर हे करून दाखवले आणि त्या अवस्थेला ‘ऑप्टिकल मोलॅसेस’ असे नाव पडले.

या नावावरून वर्गात जे घडले ते सांगितले पाहिजे. आम्हाला दिलेल्या छापील पुस्तिकेत मोलॅसेसचे भाषांतर ‘प्रकाशाचा गूळ’ असे केले होते. संकेश्वरचे काका उभे राहिले आणि म्हणाले, “सर, मोलॅसेस म्हणजे गूळ न्हवे, मळी. गूळ घट्ट बसतोय. मळीत हात घातला तर हात आत जातोय, पण जड होतोय बगा.” सर क्षणभर थांबले, हसले, आणि त्यांनी फळ्यावरचा गूळ पुसून मळी लिहिली. ज्या जिल्ह्यात अथणीपासून संकेश्वरापर्यंत कारखान्यांची धुराडी दिसतात, तिथे ही चूक पुस्तिकेत राहायला नको होती. पण ती निघाली त्या पद्धतीने मला त्या कल्पनेचा अर्थ कायमचा कळला. अणू जागच्या जागी गोठत नाही. तो चालतच असतो, फक्त त्याचे प्रत्येक पाऊल जड होते.

तिसरा रविवार हा या वर्गाचा गाभा आहे आणि नुसत्या त्या एका सत्रासाठी मी संपूर्ण शुल्क पुन्हा भरेन. सत्राची सुरुवात माझ्या शेजारी बसणाऱ्या खानापूरच्या मुलीच्या प्रश्नाने झाली. ती मला म्हणाली, “काका, तुमच्या भट्टीचं तापमान तुम्ही कसं बघता?” मी सांगितले की लांब दांड्याच्या टोकाला थर्मोकपलची टिप लावून ती रसात बुडवायची, चार-पाच सेकंदांत आकडा येतो, टिप जळून जाते, आणि त्या आकड्यावर ओतायचे की थांबायचे हे ठरते. रस थंड ओतला तर साचा पूर्ण भरत नाही आणि माल रिजेक्ट होतो. सरांनी माझे बोलणे पूर्ण होऊ दिले आणि मग विचारले, की काही हजार अणूंच्या ढगात कोणती टिप बुडवाल? आमच्याकडे टिप जळते आणि शेकडो किलो रस तसाच राहतो. तिथे ढगच जळून जाईल आणि टिपेला पत्ताही लागणार नाही.

उत्तर असे की काहीच बुडवायचे नाही. अणूंना धरून ठेवणारा सापळा एकदम बंद करायचा आणि ढग पसरू द्यायचा. काही सहस्रांश सेकंदांनी त्यावर प्रकाश टाकून कॅमेऱ्यात सावली टिपायची. अणू जितके गरम, तितके ते तेवढ्या वेळात दूर पळालेले असतात; सावलीच्या पसाऱ्यावरून वेग निघतो आणि वेगावरून तापमान. मोजल्यावर ढग उरत नाही, प्रत्येक मोजमापाला नवा ढग तयार करावा लागतो. हे ऐकून मला जळालेल्या टिपांची आमची बादली आठवली.

याच मोजमापाने एकदा सिद्धान्तालाही वळण दिले. सोडियमचे अणू या पद्धतीने २४० मायक्रोकेल्विनच्या (मायक्रोकेल्विन म्हणजे केल्विनचा दहा लाखावा भाग) खाली जाणार नाहीत असा हिशोब होता. १९८८ मध्ये विल्यम फिलिप्स यांच्या गटाने मोजले तर आकडा ४० च्या आसपास आला. त्यांनी तो वेगवेगळ्या पद्धतींनी पडताळला, आकडा हलला नाही, आणि मग हिशोबच दुरुस्त करावा लागला. चू, क्लोद कोहेन-तानुजी आणि फिलिप्स यांना १९९७ चे नोबेल मिळाले ते या कामासाठी. आमच्या धंद्यात आकडा अपेक्षेपेक्षा फार चांगला आला की पहिला संशय टिपेवर जातो. त्यांनीही तेच केले, हे कळल्यावर ही मंडळी मला जवळची वाटू लागली.

लेसरने जमते ते एवढेच. त्यापुढे बशीतला चहा लागतो. सर्वांत गरम कण वाफ होऊन निघून गेले की उरलेला चहा निवतो. चुंबकीय सापळ्यात अडकवलेल्या अणूंपैकी जास्त धावणारे रेडिओ लहरींनी निवडून बाहेर काढायचे, उरलेल्यांना एकमेकांवर आपटून पुन्हा समतोलात येऊ द्यायचे आणि मग निवडीची पट्टी आणखी खाली आणायची. लाखो अणूंनी सुरुवात करून शेवटी काही हजार हाती राहतात. पंचाण्णव टक्क्यांहून जास्त माल फेकून देऊन यश साजरे करणारा हा एकमेव कारखाना असावा.

जून १९९५ मध्ये अमेरिकेतील बोल्डर येथे एरिक कॉर्नेल आणि कार्ल वायमन यांनी रुबिडियमचा ढग सुमारे १७० नॅनोकेल्विनपर्यंत (नॅनोकेल्विन म्हणजे मायक्रोकेल्विनचा हजारावा भाग) उतरवला, तेव्हा त्या ढगाने रूप पालटले. अणूचा वेग जितका कमी तितकी त्याच्याशी निगडित लहर लांब. इतक्या थंडीत लहरी शेजारच्या अणूंच्या लहरींवर पसरतात आणि दोनेक हजार अणू मिळून एकच लहर असल्यासारखे वागतात. काही महिन्यांत एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियमवर तेच साधले आणि २००१ चे नोबेल तिघांना मिळून गेले. त्याची मुळे आपल्याकडची आहेत. १९२४ मध्ये ढाक्याहून सत्येंद्रनाथ बोस यांनी फोटॉन मोजण्याची नवी रीत लिहून आइन्स्टाइनना पाठवली. आइन्स्टाइननी ती स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापवली, मग अणूंना लावली, आणि पुरेशा थंडीत अणू एकाच अवस्थेत जमतील (यालाच बोस-आइन्स्टाइन संघनित म्हणतात) असे भाकीत केले. ते खरे ठरायला सत्तर वर्षे लागली.

सरांनी त्या १९९५ च्या प्रयोगाचे प्रसिद्ध रंगीत चित्र भिंतीवर लावले, ज्यात पसरट टेकडीतून निमुळता सुळका वर येताना दिसतो, आणि विचारले, “हे अणूंचं छायाचित्र आहे ना?” आम्ही सर्वांनी होकार दिला. मग त्यांनी सांगितले की सावल्यांच्या मोजमापावरून रचलेला तो वेगांचा आलेख आहे. मधला सुळका म्हणजे जवळजवळ थांबलेले अणू आणि भोवतालचा उतार म्हणजे अजून धावणारे. रंगही नंतर भरलेले आहेत. हे चित्र मी मोबाइलवर पूर्वी पाहिले होते आणि निळा-पांढरा बर्फासारखा काहीतरी पदार्थ समजून बसलो होतो. प्रत्यक्षात तो ढग हवेपेक्षा निदान लाखभर पट विरळ असतो आणि ज्या काचेच्या निर्वात पेटीत तो तरंगतो तिच्या भिंती खोलीइतक्याच उबदार असतात. फ्रीज कुठेच नाही. मध्ये निर्वात जागा असल्यामुळे भिंतीची ऊब अणूंपर्यंत पोचत नाही, इतकेच.

चौथ्या रविवारी घाई झाली, आणि ही माझी पहिली खरी तक्रार. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले सर्व नवे संशोधन एका सत्रात कोंबले होते. २००२ मध्ये म्युनिकमध्ये लेसर किरणांनी विणलेल्या प्रकाशाच्या जाळीत अणू भरून तरल अवस्था आणि जागच्या जागी अडकलेली अवस्था यांमधला बदल पाहिला गेला. २००९ मध्ये हार्वर्डमध्ये त्या जाळीतला एकेक अणू सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा दिसू लागला. हे दोन्ही प्रयोग आम्ही टिपून घेईपर्यंत सर अतिघनाकडे वळले होते. स्फटिकासारखी रचना आणि घर्षणाविना वाहणे, दोन्ही एकाच वेळी करणारी ही अवस्था २०१९ मध्ये इटली, जर्मनी आणि ऑस्ट्रियातील तीन गटांनी दाखवली, आणि २०२४ मध्ये इन्सब्रुकच्या गटाने डिस्प्रोझियमच्या अतिघनात भोवरे पाहून ती खरोखरच वाहते याचा पुरावा दिला. वाहणारे घन म्हणजे काय, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. त्यासाठी एक संपूर्ण रविवार हवा होता. कोलंबिया विद्यापीठाने सोडियम-सिझियमच्या रेणूंना सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने एकमेकांवर आपटण्यापासून रोखून त्यांचा बोस-आइन्स्टाइन संघनित घडवला, हे २०२४ मधले कामही दोन वाक्यांत संपले. जर्मनीत ब्रेमेनच्या मनोऱ्यातून संपूर्ण उपकरण खाली सोडून ३८ पिकोकेल्विनचा (पिकोकेल्विन म्हणजे नॅनोकेल्विनचाही हजारावा भाग) आकडा गाठला गेला, तो २०२१ चा प्रयोग मात्र सरांनी रंगवून सांगितला. पडत्या उपकरणात ढगाला वजनच नसते, म्हणून तो बराच वेळ पसरू देता येतो आणि म्हणून इतका बारीक आकडा मोजता येतो. पुन्हा मोजमापच.

पाचव्या रविवारी क्वांटम संगणकाचा विषय होता आणि सरांच्या जागी बाहेरून पाहुणे आले. पहिला अर्धा तास त्यांनी आकडे दिले आणि ते आकडे चांगले होते. लेसरच्या चिमट्यांत एकेक अणू धरून त्याचा क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातले माहितीचे एकक, म्हणून वापर करतात. २०२५ मध्ये अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेत ६,१०० सिझियम अणू असे धरले गेले आणि त्यांची नाजूक अवस्था सुमारे १३ सेकंद टिकली. त्याच वर्षी हार्वर्डच्या गटाने ३,००० हून अधिक अणूंची मांडणी दोन तासांहून जास्त वेळ चालू ठेवली. अणू निसटत राहतात, म्हणून प्रकाशाच्या सरकत्या पट्ट्यावरून नवे अणू आणून रिकाम्या जागा भरत राहायचे. आमच्याकडे कन्व्हेयरवरून साचे पुढे सरकतात आणि ओतणाऱ्याचा हात थांबत नाही, तोच विचार. यावर मला दहा प्रश्न होते. पण पाहुण्यांनी पुढचा दीड तास केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे ६,००३.६५ कोटी रुपये, २०३०-३१ पर्यंतची मुदत आणि त्यातून निघणाऱ्या नोकऱ्या यांवर घालवला आणि शेवटी २५,००० रुपयांच्या ऑनलाइन प्रमाणपत्राचे अर्ज वाटले. खानापूरच्या मुलीने त्यांना विचारले की हे प्रमाणपत्र बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत किंवा आयआयटी मुंबईत, जिथे या मिशनची केंद्रे आहेत, चालते का. त्यावर सरळ उत्तर मिळाले नाही. शुल्क भरून आलेल्या माणसांना दुसऱ्याचा माल विकायला बसवणे योग्य नव्हे, हे मी आयोजकांना त्याच दिवशी जिना उतरताना सांगितले. त्यांनी ते मान्य केले, पण पुढच्या तुकडीच्या वेळापत्रकात पाहुण्यांचा तास अजून दिसतो आहे.

सहाव्या रविवारी सर परत आले आणि त्यांनी घड्याळे घेतली. प्रकाशाच्या जाळीत बसवलेले स्ट्रॉन्शियमचे अणू सेकंदाला सुमारे ४२९ लाख कोटी टोले देतात. बोल्डर येथील अशा घड्याळाची अचूकता २०२४ मध्ये इतकी वाढली, की सुमारे चार हजार कोटी वर्षांत एका सेकंदाचा फरक पडावा. खाली असलेले घड्याळ वरच्यापेक्षा हळू चालते हे आइन्स्टाइनचे म्हणणे त्याच ठिकाणी २०२२ मध्ये एका मिलिमीटर उंचीच्या ढगात, वरच्या आणि खालच्या अणूंमध्ये, मोजून पाहण्यात आले. सरांनी खडू त्या मुलीच्या हातात दिला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे; तर गोव्याच्या किनाऱ्यावरच्या घड्याळापेक्षा आपले घड्याळ किती पुढे जाईल? तिने प्रकाशाच्या वेगाचा वर्ग करताना एक शून्य गाळले, मागून कोणीतरी सांगितले, तिने पुसून पुन्हा मांडले आणि वर्षाला सुमारे अडीच मायक्रोसेकंद असे उत्तर काढले. मागच्या बाकावरून काका म्हणाले, “होय की, म्हणून आमची एसटी गोव्याला कायम लेट.” दिशा उलटी होती, पण कोणी दुरुस्त केले नाही.

आता व्यवहाराचे. पुस्तिका चाळीस पानांची आहे, आकृत्या हाताने काढलेल्या असूनही स्पष्ट आहेत, परंतु मुद्रितशोधन कोणी केलेले दिसत नाही. सर्वांत गंभीर चूक सतराव्या पानावर आहे. तिथे १७० नॅनोकेल्विनच्या जागी १७० मायक्रोकेल्विन छापले आहे. हजारपटीचा हा फरक म्हणजे ग्रॅमच्या जागी किलो लिहिण्यातला प्रकार झाला. खुर्च्या प्लास्टिकच्या असून अडीच तासांत पाठ धरते. मध्यंतरातला चहा शुल्कात धरलेला आहे आणि तो चांगला असतो. भौतिकशास्त्र अजिबात न शिकलेल्या माणसाला दुसरे आणि तिसरे सत्र समजेल, चौथे समजणार नाही. पीयूसीच्या मुलांना सर्वच उपयोगी पडेल, मात्र यातून परीक्षेचे गुण वाढतील अशी अपेक्षा ठेवू नये. या किमतीत, या विषयावर, आपल्या भाषेत असे शिकवणारा दुसरा वर्ग मला या भागात माहीत नाही.

चुकांची चिठ्ठी मी आयोजकांकडे दिली आहे आणि नवी पुस्तिका दुरुस्त होऊन येईल असे त्यांनी सांगितले आहे. माझ्या फाउंड्रीतल्या मेल्टिंग सुपरवायझरचा मुलगा पुढच्या तुकडीत बसणार आहे. त्याचे पैसे मी भरले असून पाचव्या रविवारी त्याने घरी राहिले तरी चालेल, असे सांगून ठेवले आहे.